माथेरानच्या मोज्यातलं लोखंड

माथेरानहून घरी आलं की आई आधी काय बघते? पाय! सकाळी पांढरेशुभ्र असलेले मोजे संध्याकाळी विटकरी झालेले असतात. माझ्या भाच्याचे असेच मोजे परवा दोरीवर वाळत होते. दोनदा धुऊनही रंग पुरता गेला नव्हता. तो म्हणाला, "मावशी, ही माती एवढी चिवट कशी गं?" मी म्हटलं, "चिवट असणारच. तुझ्या मोज्यात लोखंड अडकलंय!" त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण मुलांनो, मी अगदी खरं सांगत होते, आणि तेच आज तुम्हालाही सांगणार आहे.

आम्ही राहतो शिळफाट्याला. शिळफाटा म्हटलं की पुष्कळांना कल्याण-मुंब्र्याकडचा तो गाड्यांच्या रांगांचा शिळफाटा आठवतो. आमचा तो नव्हे. आमचा खोपोलीजवळचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, समोर बोरघाटाची भिंत उभी असलेला. इथे पाच मिनिटं उभं राहून नजरेला पडेल ते लोखंड मोजायचं ठरवलं, तर मोजता मोजता दमाल. ट्रकचे पाटे, गॅरेजमधले पाने, टपरीचे पत्रे, वडे तळायची कढई, एसटीच्या खिडकीचे गज. आता मला सांगा, हे सगळं लोखंड पहिल्यांदा आलं कुठून? कुणी म्हणेल दुकानातून, कुणी म्हणेल कारखान्यातून. बरं, कारखाने तर हल्लीचे. दोन हजार वर्षांपूर्वी एकही कारखाना नव्हता, तरी माणसांकडे कोयते होते, नांगराचे फाळ होते, छिन्न्या होत्या. त्या कुठून आल्या?

मातीतून! माथेरानच्या मातीसारख्याच तांबड्या मातीतून आणि दगडातून.

माथेरान आपल्या शेजारच्याच कर्जत तालुक्यात आहे. सह्याद्रीचा सगळा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. त्या काळ्या दगडातही थोडं लोखंड असतंच. मग त्यावर पाऊस पडत राहिला. एक-दोन वर्षं नाही, लाखो वर्षं. पावसानं दगडातली विरघळणारी द्रव्यं हळूहळू धुऊन नेली. जे सहज विरघळत नाही ते मागं राहिलं, आणि त्यात मुख्य होतं लोखंड. असा जो लाल, भोकाभोकांचा दगड तयार होतो त्याला आपल्या कोकणात जांभा म्हणतात. माथेरानच्या माथ्यावर आहे तो जांभाच, आणि तुमच्या मोज्यावर बसलेली धूळ म्हणजे त्याचंच पीठ.

मग ते लोखंड चमकत का नाही? कारण ते गंजलेलं आहे. सायकलची साखळी पावसात राहिली की तिच्यावर जो तांबडा थर येतो, तोच हा रंग. लोखंडाला हवेतला ऑक्सिजन फार आवडतो. थोडा ओलावा मिळाला की दोघांची अशी गट्टी जमते की हातानं, पाण्यानं, साबणानं ती तुटत नाही. जगातलं जवळजवळ सगळं लोखंड खाणीत सापडतं ते असं ऑक्सिजनला मिठी मारून बसलेलं. मोकळं लोखंड आयतं मिळायचं ते बहुतेक आकाशातून पडलेल्या उल्केतच. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात एक सुंदर खंजीर सापडला, त्याचं पातं अशाच उल्केच्या लोखंडाचं आहे! पण राजाचं ठीक आहे. शेतकऱ्यानं विळ्यासाठी उल्का पडायची वाट बघायची का?

तर ही मिठी सोडवायची कशी, हे कोडं होतं. ते ज्यानं सोडवलं तो होता कोळसा.

इथे थोडं थांबू या, कारण कोळसा म्हटलं की पुष्कळांना खाणीतला दगडी कोळसा आठवतो. तो निराळा. मी म्हणतेय तो लाकडाचा कोळसा. कणीस भाजायला गाडीवर असतो ना, तो. आणि तो करणं हे फार मोठं कसब आहे. लाकूड नुसतं पेटवलं तर राख उरते. कोळसा हवा असेल तर लाकूड जाळायचं, पण त्याला जळू द्यायचं नाही!

ते असं करतात. लाकडाचे ओंडके नीट रचून ढीग करायचा. वर पालापाचोळा, त्यावर ओली माती लिंपायची. धुराला वाट म्हणून बारीक भोकं ठेवायची आणि आत विस्तव द्यायचा. आता आत उष्णता भरपूर, पण हवा अगदी थोडी. लाकडातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मग चिकट, वासाचे पदार्थ धूर होऊन जातात. मागं राहतो तो कार्बन, म्हणजे कोळसा. चार-पाच किलो लाकूड घातलं तर किलोभर कोळसा हाती येतो. हे काम कित्येक दिवस चालतं आणि रात्रीही त्याला सुट्टी नसते. मातीला कुठे मोठी भेग पडली की हवा आत घुसते, ढीग भडकतो आणि आठवड्याची मेहनत राख होते. म्हणून कुणीतरी जागं राहून धुराकडे बघत बसावं लागतं. आधी धूर पांढरा आणि दाट असतो, ती वाफ. पुढे तो पातळ, निळसर होतो. तो निळा झाला की जाणकार म्हणतो, "झालं, आता भोकं बुजवा."

आपल्या कर्जत-खालापुरात हे कसब हातात असलेली माणसं आहेत, कातकरी. त्यांचं नावच मुळी त्यांच्या कामावरून पडलं. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. पानात घालतात तो कात, बरं का. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता भट्टी. जुन्या काळची भट्टी फार मोठी नसे. पुष्कळशा कमरेएवढ्या, काही त्याहून लहान. मातीच्या जाड भिंती, वर तोंड उघडं आणि खाली बुडाशी एक-दोन भोकं. त्या भोकांत भाजलेल्या मातीच्या नळ्या बसवायच्या आणि नळ्यांना जोडायचा भाता. भाता म्हणजे कातड्याची पिशवी, दाबली की फुस्स करून वारा सोडणारी. भट्टी आधी तापवायची. मग वरून एक टोपली कोळसा, त्यावर बारीक फोडलेला लोखंडी दगड, पुन्हा कोळसा, पुन्हा दगड. आणि भाता सुरू! तो थांबवायचा नाही. एक दमला की दुसऱ्यानं बसायचं. असं तास न् तास.

आत काय चालतं ठाऊक आहे? कोळसा जळतो, पण हवा पुरेशी नसल्यामुळे त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. या वायूला ऑक्सिजनची फार हाव. तो लाल दगडात शिरतो आणि लोखंडाला धरून बसलेला ऑक्सिजन ओढून काढतो. इतकी युगं जुळलेली गट्टी काही तासांत फुटते! (हा वायू विषारी असतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही, अगदी कधीही पेटवून ठेवायची नाही. घरी मोठ्यांनाही सांगा.)

पुढची गंमत मला सगळ्यात आवडते. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस तापमान लागतं. भात्याच्या भट्टीत मिळतं सुमारे 1200 अंश. म्हणजे या भट्टीत लोखंड वितळतच नाही. वितळतो तो दगडातला बाकीचा कचरा. तो मधासारखा घट्ट होऊन खाली वाहतो, त्याला म्हणतात लोहकीट. आणि लोखंड? ते मऊ होऊन कणाकणानं चिकटत जातं आणि भट्टीच्या तळाशी स्पंजासारखा जाळीदार गोळा बसतो. शेवटी भट्टीची भिंत फोडायची, सांडशीनं तो लालबुंद गोळा ओढून काढायचा आणि गरम आहे तोवर घणाचे घाव घालायचे. प्रत्येक घावासरशी ठिणग्यांबरोबर उरलेलं कीट बाहेर उडतं आणि गोळा घट्ट होत जातो. लोखंड या आपल्या शब्दातच तो गोळा लपलाय. लोह अधिक खंड, म्हणजे लोहाचा तुकडा!

त्या फेकून दिलेल्या किटाचंही आपल्या वैद्यांनी सोनं केलं. आजीच्या औषधांच्या कपाटात मंडूर भस्म असेल तर बघा. मंडूर म्हणजे जुनं लोहकीटच. ते शंभर वर्षांचं जुनं असेल तर उत्तम, असं आयुर्वेदात मानतात.

तुम्ही विचाराल, अशा भट्ट्या आपल्या महाराष्ट्रात होत्या याला पुरावा काय? आहे ना! नागपूर जिल्ह्यात पेंच नदीजवळ नायकुंड नावाचं गाव आहे. शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर या पुरातत्त्वज्ञांनी 1980च्या सुमारास तिथे उत्खनन केलं, तेव्हा जमिनीखाली लोखंड गाळायच्या गोल भट्टीचे अवशेष, वारा फुंकायच्या मातीच्या नळ्या आणि लोहकीट सापडलं. वय? सुमारे 2700 वर्षं! तिथून जवळच्या माहुरझरीला त्याच काळातल्या दगडी वर्तुळांमध्ये घोड्यांच्या तोंडात घालायचे लोखंडी लगामही मिळाले आहेत. शाळेत आपण शिवाजी महाराजांचा काळ शिकतो तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. त्याच्याही दोन हजारांहून अधिक वर्षं आधी विदर्भात कुणीतरी भात्यावर बसून घाम गाळत होतं.

आणि माथेरानच्या मोज्याचं सख्खं भावंड हवं असेल तर महाबळेश्वरला चला. तिथलं पठारही माथेरानसारखंच जांभ्याचं, तांबडं. तिथे धावड नावाचे लोक राहत. त्यांचा पिढीजात धंदा हाच. जांभ्यातला लोखंडानं जड झालेला दगड वेचायचा, जंगलात कोळसा पाडायचा आणि लोखंड गाळायचं. आज आपण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खातो आणि सूर्यास्त बघतो, पण एके काळी त्या झाडीतून भट्ट्यांचा धूर निघत असे.

दूर पूर्वेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या डोंगरांत अगरिया नावाचे आदिवासी हेच काम करत. व्हेरिअर एल्विन या अभ्यासकानं 1942 साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. अगरियांचे तीन देव मला फार आवडतात. लोहासुर लोखंडाचा, अग्यासुर अग्नीचा आणि कोयलासुर कोळशाचा. बघा, कोळशालाही देवाचा मान! भट्टीत कोण किती महत्त्वाचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आता परत आपल्या घराकडे येऊ. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत. सुट्टीत जरूर बघा, पण पावसाळ्यात मोठ्यांशिवाय जाऊ नका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी ही लेणी खोदली. आपला काळा कातळ किती कठीण असतो हे ज्याच्या घराची विहीर खणली असेल त्याला विचारा. तो कातळ आतून कोरून, लाकडी घराच्या कमानी असाव्यात तशा कमानी, कठडे, चैत्यगृह सगळं काढलंय. तिथल्या एका लेखात लिहिलं आहे, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. दोन हजार वर्षं झाली, तरी बलकचं नाव दगडावर आहे!

पण मुलांनो, मी तिथे उभी राहते तेव्हा मला दुसऱ्याच कुणाची तरी आठवण येते. या कातळावर छिन्नी चालवली की थोड्या वेळात तिचं टोक बोथट होतं. मग ती तापवायची, ठोकून टोक काढायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे लाल असतानाच पाण्यात बुडवून कडक करायची. असं रोज, दिवसातून कितीतरी वेळा. म्हणजे लेण्याजवळ लोहाराचा भाता असणारच आणि भात्यापुढे कोळसा असणारच. तो कोळसा कुठल्या तरी माणसानं रात्र जागून, धुराकडे बघत तयार केला असणार. त्याचं नाव कुठल्याही दगडावर नाही. माझ्या मते लेण्यातली निम्मी कारागिरी त्याची आहे.

दिल्लीचा लोहस्तंभही असाच कोळशाच्या भट्टीतला. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड. सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आहे आणि गंजून झडलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर बसतो, असं शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय.

एवढं छान चाललं होतं, मग या भट्ट्या विझल्या का? त्यांची भूक फार मोठी होती. एक किलो लोखंडाला कित्येक किलो कोळसा, आणि प्रत्येक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड. तुम्हीच हिशेब करा, एका कोयत्यामागं किती झाडं! भट्ट्या छोट्या आणि माणसं थोडी होती तोवर जंगल पुन्हा वाढत असे. इंग्लंडात मात्र लाकूड कमी पडू लागलं. तिथे 1709 साली अब्राहम डार्बीनं युक्ती काढली. खाणीतला कोळसा तसाच वापरला तर त्यातल्या गंधकामुळे लोखंड ठिसूळ होतं. म्हणून त्यानं तो आधी बंदिस्त भाजून त्याचा कोक केला आणि कोकवर लोखंड गाळलं. लाकडाची अडचण संपली, भट्ट्या घरांएवढ्या उंच झाल्या, लोखंड स्वस्त झालं.

ते स्वस्त लोखंड आगबोटीतून आपल्याकडे आलं. 1856 साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली. बोरघाटाच्या कामाला अजून सात वर्षं लागायची होती, तोवर पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरून पुढे घाट चढे. त्या गाडीचे रूळ विलायतेत, कोकच्या भट्टीत तयार झालेले. त्याच सुमारास सरकारनं जंगलं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, लाकूडतोडीवर बंधनं आली. कोळसा महाग आणि बाजारात विलायती लोखंड स्वस्त, अशात महाबळेश्वरच्या धावडांच्या भट्ट्या थंड पडल्या. शेकडो वर्षं बापानं मुलाला शिकवलेली विद्या एक-दोन पिढ्यांत गेली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच काळात, 1882 साली, जमशेटजी टाटांच्या हाती एक अहवाल पडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहारा गावी उत्तम लोखंडी दगडाचा डोंगर आहे, असं त्यात लिहिलं होतं. गावाचं नाव पाहिलंत? आपण इथेच पोलाद करू, असं त्यांच्या मनानं घेतलं. जवळच्या वरोऱ्याचा दगडी कोळसा त्यांनी तपासून घेतला, पण तो भट्टीला चालणारा निघाला नाही. पुन्हा घोडं अडलं ते कोळशापाशीच! जमशेटजी 1904 साली वारले. त्यांचा कारखाना पुढे झारखंडात उभा राहिला आणि 1912 साली तिथे पोलाद तयार झालं. त्यांचं दुसरं स्वप्न मात्र आपल्या दारात पुरं झालं. घाटावरच्या धरणांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडून वीज करायची, ते खोपोलीचं वीजकेंद्र 1915 साली सुरू झालं.

पुढे 1960च्या दशकात खोपोलीत महिंद्रा युजिनचा पोलाद कारखाना निघाला. तिथली भट्टी विजेची. भंगार लोखंड आत टाकायचं आणि विजेच्या प्रचंड ठिणगीनं वितळवायचं. भाता नाही, लाकूड नाही. अर्थात भंगारातलं लोखंड एकदा ऑक्सिजनपासून सोडवलेलं असतं, म्हणून हे जमतं. दगडातून नवं लोखंड काढायला आजही जगात बहुतेक ठिकाणी कोकच लागतो, म्हणजे पुन्हा कार्बनच. आता शास्त्रज्ञ कार्बनऐवजी हायड्रोजन वापरून बघत आहेत. हायड्रोजननं ऑक्सिजन ओढून घेतला की बाहेर पडतं नुसतं पाणी!

हे वाचून हातानं काही करून बघावंसं वाटत असेल तर एक चुंबक घ्या. तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि उल्हास किंवा पाताळगंगेच्या काठच्या कोरड्या वाळूतून फिरवा. काळे बारीक कण पिशवीला दाढीसारखे चिकटतील. ते मॅग्नेटाइट, काळ्या दगडातून सुटून आलेलं लोहखनिज. चुंबक पिशवीतून काढला की कण गळून पडतात. ते एका काडेपेटीत साठवा. मग तोच चुंबक माथेरानच्या कोरड्या मातीतून फिरवा. तिथे बहुतेक फारच थोडं चिकटेल. असं का? लोखंड तर दोन्हीकडे आहे, पण ऑक्सिजनशी त्याची जोडी दोन तऱ्हांनी जमलेली आहे. एका जोडीत चुंबकाला ओळख देण्याची ताकद उरते, दुसरीत जवळजवळ उरत नाही. निरीक्षण वहीत लिहून ठेवा.

आता कातकऱ्यांकडे परत येते म्हटलं होतं ना? लोखंडाच्या भट्ट्या विझल्या, पण कोळशाच्या भट्ट्या विझल्या नाहीत. हॉटेलांना, कारखान्यांना आजही लाकडी कोळसा लागतो. पावसाळा संपून भातकापणी झाली की आपल्या रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्या ओस पडतात. माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर कामाला निघून जातात, दूर घाटावर, कधी कर्नाटकातही, आणि पावसाच्या तोंडावर परततात. सोबत मुलंही जातात. त्यांच्या शाळेचे ते महिने बुडतात.

दिवाळीनंतर तुमच्या वर्गातला एखादा बाक असाच रिकामा झाला, तर त्या मुलाचं नाव हजेरीतून जाऊ देऊ नका, बाईंना आठवण करून द्या. त्याच्यासाठी एक वही करा आणि राहिलेला अभ्यास तीत उतरवून ठेवा. तो परतला की वही त्याला द्या आणि मग शेजारी बसून विचारा, ढिगातला धूर निळा झाला हे रात्रीच्या अंधारात कसं ओळखतात. मी धडपडत जे सांगितलं, ते तो तुम्हाला माझ्याहून चांगलं सांगेल.